मालक कसे व्हावे : धानपट्ट्यातील होतकरूंसाठी

अभिनंदन! दोन एकरांचे दहा एकर झाले, दारात ट्रॅक्टर आला, पानठेल्यावर लोक तुमच्यासाठी बाकावर जागा करू लागले. आता एकच उणीव आहे. पहाटे पाचला उठून तुमचा शेणपुंजा करणारा माणूस. रोजंदारीचा मजूर मिळतो, पण तो संध्याकाळी घरी जातो आणि उद्या यायचे की नाही ते स्वतः ठरवतो. तुम्हाला हवा आहे न जाणारा.

यात लाजण्यासारखे काही नाही. या विषयावर जगातल्या थोरामोठ्यांनी ग्रंथ लिहिले आहेत. रोमचा कॅटो सेनापती होता, कौन्सल होता, लोकांच्या नीतीवर नजर ठेवणारा अधिकारीही होता. इ.स.पू. दुसऱ्या शतकात त्याने शेतीवर पुस्तक लिहिले, त्यात द्राक्षे, कोबी आणि गुलाम यांची निगा एकाच दमात सांगितली आहे. त्याच्या मागून व्हॅरो आला, कोलुमेला आला. आम्ही फक्त ती विद्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेड्याच्या बांधावर आणून ठेवतो.

१. माणूस विकत घेऊ नका.

नवख्या मालकांची पहिली चूक हीच. डेलॉस बेटावरच्या बाजारात दिवसाला दहा हजार माणसे उतरवून विकण्याची सोय होती, असे स्ट्रॅबो लिहून गेला. आपल्याकडे पेशवाईतही कुणबिणी विकल्या-घेतल्या जात, रीतसर कागद होत. ऐकायला भारी वाटते, पण हिशेब करा. विकतचा माणूस म्हणजे गुंतवणूक. त्याला पोसा, तो पळू नये म्हणून राखण करा, आजारी पडला तर औषध करा, आणि मेला की सगळे भांडवल बुडाले. कोलुमेलाने बेड्यांतल्या गुलामांसाठी जमिनीखाली कोठडी बांधायला सांगितली आहे. खिडक्या अरुंद, हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर. आजच्या सिमेंटच्या भावात परवडेल?

व्हॅरो यात हुशार. त्याचा सल्ला असा की, जिथली हवा रोगट आहे तिथे गुलाम लावू नका, मजुरीची माणसे लावा. कारण उघड आहे. गुलाम मेला तर मालकाचे नुकसान, मजूर मेला तर त्याच्या बायकोचे. हे वाचले की वाटते, व्हॅरो पावसाळ्यात एकदा भामरागडला येऊन गेला असावा. राज्यातला मलेरिया जिथे वस्तीला असतो, त्या जंगलात बांबू तोडायला, रस्ते काढायला, कूप पाडायला कुणी कधी विकत घेतलेला माणूस पाठवला नाही. पाठवली ती सगळी स्वतंत्र माणसे.

तेव्हा १८४३ च्या पाचव्या कायद्याने इंग्रजांनी गुलामगिरीचा हक्क कोर्टात चालेनासा केला म्हणून हळहळू नका. बंद झाली ती महागडी पद्धत.

२. उसने द्या, आणि वेळ साधून द्या.

माणूस बांधायला साखळी लागत नाही, अडचण लागते. आपल्या भागात ती आषाढात येते. मागच्या धानाची ढोली रिकामी झालेली असते, रोवणी तोंडावर असते, घरात पेजेपुरते तांदूळ नसतात. त्याच सुमारास कुणाचे बाळंतपण निघते, कुणाला ताप भरतो. तुम्ही ओसरीवर बसून राहा. माणूस आपल्या पायांनी येतो.

रक्कम ठरवताना एकच पथ्य पाळा. ती आठवड्यात खर्च होईल एवढी असावी आणि वर्षात फिटणार नाही एवढी असावी. धान दिले तर वाढीदिढीने द्या, म्हणजे एका खंडीची दीड खंडी परत. पुढच्या वर्षी त्या दीडवर पुन्हा निम्मी. गणित प्राथमिक शाळेतलेच आहे, म्हणून तर समोरच्याची शाळा लवकर सुटलेली बरी.

ही युक्तीही जुनीच. अथेन्समध्ये कर्ज फिटले नाही की कर्जदार स्वतःच तारण असे. इ.स.पू. ५९४ च्या सुमारास सोलोन नावाच्या माणसाने ती कर्जे रद्द केली आणि माणूस तारण ठेवायला बंदी घातली. रोमलाही इ.स.पू. ३२६ मध्ये तसाच कायदा करावा लागला. दोन्ही शहरांनी आपल्या गरिबांना मोकळे केले, आणि कामाला मग परक्या मुलखातली माणसे आणली. आपल्यापुढे तो खर्च नाही. परका मुलूख आपल्याकडे गावाच्या टोकालाच असतो.

३. वही तुमच्याकडे ठेवा.

दुसरी प्रत काढू नका. अंगठा शक्यतो कोऱ्या पानाखाली घ्या. वर काय लिहायचे ते पुढे सवडीने सुचते. शाईचा पॅड मात्र चांगल्या प्रतीचा घ्या, तिथे कंजुषी नको.

वहीतला सर्वात उपयोगी रकाना म्हणजे खाडा. गडी एक दिवस आला नाही की एक खाडा, आणि एका खाड्याला रोजाच्या भावाने पैसे कापायचे. सालाचा भाव पडतो दिवसाला थोडा आणि बाहेरचा रोज असतो जास्त, त्यामुळे गडी जितका आजारी तितके तुमचे येणे वाढते. आईच्या मातीला गेला तर दोन खाडे. तुम्ही स्वतः त्याच मातीला गेला होता, हे आड येऊ देऊ नका.

कधीतरी तो विचारील, "मालक, अवंदा किती फिटले जी?"

"फिटले ना गा, बरेच फिटले."

"म्हणजे किती जी?"

"आता तुझ्यावर काय अविश्वास हाये का माहा? जा, बैल सोड."

या संवादाचा सराव आरशापुढे करा. आवाजात दुखावल्याचा सूर हवा.

४. साल पाडव्याला ठरवा.

विदर्भात सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते. दिवस शुभ, साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे घासाघीस करणारा अशुभ ठरतो. पैशाखेरीज धोतर, पायतण, घोंगडी, बायकोला लुगडे असा बोली-करार असतो. वर्षाच्या आत त्याला सोडता येत नाही, तुम्हाला काढता येते.

कपड्यांबद्दल कॅटोचे मार्गदर्शन घ्या. तो दोन वर्षांतून एकदा सदरा आणि पांघरूण देई, आणि नवे देताना जुने परत मागून घेई, ठिगळांची गोधडी शिवायला. जेवणात गळून पडलेली ऑलिव्ह. ती संपली की मासळीचे खारवण आणि शिरका. आजारी गुलामाचा शिधा कमी करा, असेही त्याने बजावले आहे. काम नाही तर भूक कशाची? तुमच्या घरच्या बाईंनी रात्रीचा भात सकाळी गड्यापुढे ठेवण्याची पद्धत कॅटो न वाचताच बसवली असेल, तर त्यांचे कौतुक करा.

५. पाऊस म्हणजे सुट्टी नव्हे.

पिंप धुणे, वाडा झाडणे, धान्य हलवणे, उकिरडा वाहणे, दोर वळणे. पावसाळी दिवसांची ही कामे कॅटोने नेमून दिलेली आहेत आणि सणाच्या दिवशी करायची वेगळी यादीही दिली आहे, तीत जुने चर उपसणे येते. आपण मागे नाही. दिवाळीच्या दिवशी गोठा गडीच सारवतो.

६. 'घरचाच आहे तो' असे म्हणा.

पाहुण्यांसमोर म्हणा, तलाठ्यासमोर म्हणा, विशेषतः त्याच्या स्वतःसमोर म्हणा. घरच्याला पगार विचारायचा नसतो आणि घरच्याला आठ तास नसतात. त्याचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा असतो, ही गोष्ट या वाक्याच्या आड येत नाही. आजवर कुणाच्या आलेली नाही.

इथे ॲरिस्टॉटलची अडचण समजून घ्या. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, असा त्याचा सिद्धांत. पण मग ती ओळखायची कशी? निसर्गाला शरीरे तशी वेगवेगळी घडवायची असतात, पण पुष्कळदा उलटेच होऊन बसते, अशी कबुली त्याला द्यावी लागली. बिचारा! त्याच्याकडे जात नव्हती. आपल्याकडे कोण बसणार आणि कोण उभा राहणार हे बारशाआधीच ठरते. एवढा अवघड तात्त्विक प्रश्न आपल्या आजोबांनी विनासायास सोडवून ठेवला, त्याचे श्रेय त्यांना कुणी देत नाही.

७. वर्षातून एक दिवस उदार व्हा.

रोममध्ये डिसेंबरात सॅटर्नेलियाचा सण असे. त्या दिवसांत मालक-गुलाम एकत्र जेवत, काही घरांत मालक वाढायलाही उभा राही, गुलामाला थट्टा करायची मुभा असे. मग सण संपे. व्यवस्था बिघडू नये म्हणून तिला वर्षातून एकदा असे सैल सोडावे लागते.

आपल्याकडे पोळा आहे. खांदशेकणीला बैलाच्या खांद्याला हळद-तूप लागते, दुसऱ्या दिवशी शिंगे रंगतात, झूल येते, पुरणाची पोळी मिळते. वर्षभर जू ओढल्याबद्दल माफी मागितल्यासारखेच ते असते. बैलाच्या खांद्याला तूप कोण चोळतो? गडी. स्वतःच्या खांद्याचे काय, असे त्याच्या मनात येऊ नये म्हणून पोळ्याला त्याच्या हातावर बोजारा ठेवा आणि गावासमोर ठेवा. व्हॅरोने एका मताची नोंद केली आहे, त्यात शेतीची साधने तीन प्रकारची: गाडीसारखी मुकी, बैलासारखी अर्धवट आवाजाची आणि बोलणारी. तुम्हाला दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराचा सण एकाच दिवशी उरकता येतो. केवढी बचत!

याच हिशेबात झाडीपट्टीचे नाटक धरा. दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या मंडळ्या गावोगाव फिरतात. त्यांच्या नाटकांत दुष्ट मालगुजार किंवा सावकार हमखास सापडतो. तुम्ही वर्गणी सर्वांत मोठी द्या आणि पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसा. दुष्टाला फटके बसले की टाळी तुम्ही आधी वाजवा.

८. दोन गडी असतील तर त्यांचे पटू देऊ नका. कॅटो घरातल्या गुलामांत मुद्दाम भांडणे लावून ठेवी, त्यांची एकी त्याला धोक्याची वाटे, असे प्लुटार्क सांगतो. एकाला मोबाइलचे रिचार्ज मारून द्या आणि दुसऱ्याला देऊ नका. पुरते.

९. महत्त्वाकांक्षा असेल तर अख्खे गाव घ्या.

एक-दोन गडी म्हणजे किरकोळ धंदा. ठोक व्यवहार कसा करतात हे पाहायचे तर चांदा जिल्ह्याचा जुना काळ पाहा. मालगुजाराच्या गावात कुळाने आपल्या नांगरणीआधी त्याच्या शेतात नांगर न्यायचा, छपराला गवत घालायचे, साहेब आला की ओझे वाहायचे. याला बेगार म्हणत, आणि बेगारीचा मोबदला म्हणजे गावात राहू देणे. अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांतल्या जंगलात जमीनदार होता, त्याचा माणूस होता, त्या माणसाचा माणूस होता. प्राणहितेच्या पलीकडच्या काठावर निजामाच्या मुलखात हीच वेट्टी. नदी ओलांडून सुटका नाही अशी उत्तम रचना.

मग वनखाते आले. इंग्रजांनी राखीव जंगलात वनग्रामे वसवली ती कुणाच्या प्रेमाने नव्हे. जाळरेषा साफ करायला, कूप तोडायला, रस्ता दुरुस्त करायला माणूस हाताशी हवा म्हणून. राहायची जागा खात्याची, तेव्हा खात्याने हाक मारली की यायचे. ज्या जंगलात माणसाचे आजे-पणजे राहिले तिथे त्याला पाहुणा ठरवायचे आणि मग पाहुणचाराचे भाडे कामातून वसूल करायचे, ही कल्पना रोमलाही सुचली नव्हती. नाकेदाराला कोंबडी द्यायची आणि वर सलामही ठोकायचा, हा त्यातला वरकड भाग.

१९५१ साली मालगुजारी-जमीनदारी गेली. मालगुजारांनी धरलेले तलाव तेवढे त्यांच्या नावाने राहिले. सरकारी कागदात ते आजही माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव. ते खोदताना माती कुणाच्या डोक्यावरून गेली, त्यांच्या नावाचा तलाव कुठे नाही. बरोबरच आहे, नाव मालकाचे असते.

१०. 'सालगडी मिळत नाही हो आता' असे रडत बसू नका.

पारावरचे हे रडगाणे खरे आहे. पोरे शिकली, नागपूर-पुण्याला गेली. काही गावांत साल लाखाच्या पुढे गेले, आणि गडी उलट विचारतो की दुचाकीचे पेट्रोल कोण देणार. मालकाने इतक्या थराला यावे हे दुःखद आहे. आम्ही तुमच्या भावना समजू शकतो.

पण धंदा बंद पडलेला नाही, फक्त चाके लागली आहेत. आता तुम्ही ठेकेदार व्हा. धान निघाले की जानेवारीपासून चंद्रपूर-गडचिरोलीची कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. तुम्ही दिवाळीच्या तोंडावर उचल वाटा, माणसे पिकअपमध्ये उभी भरा, पलीकडच्या शेतकऱ्याच्या हवाली करा. मिरची तोडणार ते, डोळे चुरचुरणार त्यांचे, मुलांची शाळा बुडणार त्यांची, आणि किलोमागे तुमचा वाटा तुमच्या खिशात. माणूस तुमच्या वहीतही नाही आणि त्या शेतकऱ्याच्या वहीतही नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा याचा फायदा दिसून आला. हजारो माणसे तिकडे अडकली, कित्येक पायीच जंगलातून निघाली, आणि त्यांना परत आणायची जबाबदारी कुणाची हे शेवटपर्यंत कुणाला सापडले नाही. पाय ज्याचे त्याचे.

याचा मूळ पुरुष अथेन्सचा निकियास. त्याने लॉरियमच्या चांदीच्या खाणीत आपले एक हजार गुलाम सोसियास नावाच्या कंत्राटदाराला भाड्याने दिले. माणशी रोज एक ओबोल, आणि हजाराचा आकडा कमी होऊ द्यायचा नाही अशी अट. म्हणजे कुणी मेला तर सोसियासने नवा भरायचा. निकियास कधी खाणीत उतरला होता की नाही, हे ही हकीकत लिहिणारा झेनोफॉन सांगत नाही. तुम्हीही मिरचीच्या शेतात जाऊ नका. फार ठसका लागतो.

११. कायद्याला भिऊ नका.

कायदे भरपूर आहेत, ते माहीत असलेले बरे. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबेगारीला बंदी आहे. आणीबाणीत, ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. वेठीला बांधणारी सगळी कर्जे एका फटक्यात रद्द. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. पुन्हा वाचा, दोन हजार. १९७६ पासून सालाचा भाव कुठल्या कुठे गेला, दंडाचा जागच्या जागी आहे. महागाईशी झगडणाऱ्या मालकाला सरकारने दिलेला हा एकमेव दिलासा.

दोन गोष्टी मात्र वाईट आहेत. एक, या कायद्यात कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आहे, गड्यावर नाही. दुसरी, १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवून घेणे हीसुद्धा वेठच. भुकेची जबरदस्ती हीही जबरदस्तीच. साखळी लागत नाही, हे आपण दुसऱ्या कलमात शिकलो. न्यायमूर्ती भगवतींनाही ते ठाऊक होते, म्हणजे पाहा, ही विद्या किती दूरवर पसरली आहे.

प्रत्यक्षात जिल्ह्याला दक्षता समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. समिती आली तर तिला ओसरीवर बसवा, ताक द्या आणि गड्यालाच बोलवा. तो म्हणेल, "नाही जी, मी मालकाकडे राहतो, घरच्यासारखा." सहावे कलम नीट राबवले असेल तर हे वाक्य त्याच्या तोंडून अगदी मनापासून येते. साहेब ताक संपवून जातात.

१२. लेखामेंढ्याच्या बाजूला फिरकू नका.

हे गाव गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात आहे. तिथल्या लोकांना एक घाणेरडी सवय लागली: सगळ्यांनी मिळून बसायचे, कायदा वाचायचा आणि एकमत होईपर्यंत उठायचे नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. २००९ मध्ये त्यांनी वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. तेव्हापासून बांबू तोडणारेही तेच, विकणारेही तेच, आणि वही? वही गावासमोर उघडी. मग रोग पसरला. पेसा कायद्याखालच्या कितीतरी गावांत ग्रामसभा आता तेंदूपानाचा लिलाव स्वतः करतात, आणि फळीवर पुडे मोजणाऱ्या मुन्शीकडे बघत चार जण उभे राहतात. अशा वातावरणात मालकी टिकत नाही. तुमच्या गावात संध्याकाळी लोक कागद घेऊन एकत्र बसू लागले तर ताबडतोब भजन मंडळाला हार्मोनियम भेट द्या.

१३. गडी म्हातारा झाला की.

कॅटोचा नियम सरळ होता. म्हातारे बैल, मोडकी गाडी, जुनी अवजारे, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम, सगळे विकून टाका. पुढे पुढे रोमचे मालक आजारी गुलामांना तिबेर नदीतल्या वैद्यदेवाच्या बेटावर सोडून येऊ लागले. तेव्हा सम्राट क्लॉडियसने हुकूम काढला की असा टाकलेला गुलाम बरा झाला तर तो स्वतंत्र. टाकायच्या भानगडीपेक्षा मारून टाकला तर खून धरला जाईल, असेही त्यात होते. मालकांची चहूबाजूंनी कोंडी.

तुमच्यावर ती पाळी नाही. तुमचा गडी कधी तुमचा नव्हताच, त्यामुळे टाकायचाही प्रश्न येत नाही. पासष्ट वर्षे भरली की त्याला मोटारसायकलवर मागे बसवा आणि श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरायला तहसिलीत न्या. त्याचे आधार कार्ड बरोबर घ्या. त्यावर त्याची जन्मतारीख एक जानेवारीच असणार, गावात निम्म्यांची तीच आहे. रांगेत त्याच्याबरोबर उभे राहा. बाबूला सांगा, "चाळीस वर्षं माझ्याकडे होता, बापासारखा." रांगेतली माणसे तुमच्याकडे आदराने बघतील, एखादा म्हणेलही, असे मालक आता राहिले नाहीत.

अर्जावर त्याचा अंगठा घेऊन झाला की निघायची घाई करू नका. दवाखान्याचे आणि मागचे असे थोडे येणे वहीत राहिलेले असते, पाडवा जवळ आलेला असतो, आणि म्हाताऱ्याला आधार द्यायला त्याचा मुलगा सोबत आलेलाच असतो. मुलगा दहावीपर्यंत शिकलेला आहे. त्याच्यासाठी पेन न्या.